कालिकेच्या डोक्यावरचा मजला

आदिलाबादच्या जुन्या बाजारातली कौलारू दुकानांची, कवेलूची रांग पाडायला घेतली, त्या दिवशी सगळ्यात शेवटी उठली ती तुळजाबाई कासारीण. शिंप्यानं सकाळीच मशीन गाड्यावर टाकलं, कल्हईवाला भाता घेऊन गेला, न्हाव्यानं आरसा गोणपाटात गुंडाळला. आणि ही बाई सतरंजीवर मांडी घालून एका सासुरवाशिणीच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या चढवत बसलेली. मजूर वरून कवेलू काढत होते, माती हिच्या पदरावर पडत होती. एकानं तेलुगूत ओरडून सांगितलं की बाई, ऊठ. हिनं मान वर न करता मराठीत ऐकवलं, "एक हात भरून दुसरा रिकामा धाडू काय लेकीले? तुह्या बायकोच्या नशिबी येवो तसं!"

मजुराला शब्द कळले नाहीत, सूर कळला. दोन्ही हात भरून होईपर्यंत त्या खणावरचं एक कवेलू हललं नाही.

अशी ती बाई. आणि अशी व्हायला कारणही होतं.

तुळजाबाई लग्न होऊन आली तेव्हा कासाराचं दुकान म्हणजे खांद्यावरचं गाठोडं. सासू बांगड्यांच्या माळा फडक्यात बांधून पैनगंगेच्या काठची गावं पायानं तुडवायची. कोणाच्या ओट्यावर बसायची, कोणी ज्वारी घालायचं, कोणी पुढच्या सुगीवर ढकलायचं. सून म्हणून तुळजाबाईही काही वर्षं मागोमाग फिरली. मग तिनं नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली की बसायचं तर बाजारात बसायचं, आपण कोणाच्या दारात जायचं नाही. मोतीराम गरीब स्वभावाचा, बायकोच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. त्यानं रांगेतला कोपऱ्याचा खण किरायानं घेतला आणि तेव्हापासून गावं तुळजाबाईकडे यायला लागली.

लग्न ठरलं की घरच्या सगळ्या बायका छकड्यात बसून तिच्या सतरंजीवर. पहिलटकरणीला सातवा लागला की ती तिच्या सतरंजीवर. मागच्या भिंतीत कोनाडा होता, कोनाड्यात कालिका, कासारांची देवी. तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय दिवसाची पहिली बांगडी कोणाच्या हाताला लागायची नाही. चढवताना एखादी तडकली तर ती 'फुटली' असं त्या दुकानात कोणी म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, आणि तिच्या जागी दुसरी मुकाट्यानं जायची. हात भरून झाले की बाई, मग ती पाटलाची असो की सालदाराची, वाकून तुळजाबाईच्या पाया पडायची. त्या पाया पडण्याची बाईला भारी सवय झाली होती. खोटं कशाला बोला.

मोतीराम गेला तेव्हा पोरगा चंपत मिसरूड फुटण्याच्या वयाचा होता. कुंकू गेलं म्हणून आता हिच्या हातानं बांगड्या नको, असं बाजारात दोघीतिघी कुजबुजल्या. तुळजाबाईनं त्यांना नावानिशी हाक मारून सांगितलं, "माह्या हातचं नको असन तं नका भरू. पर कालिका का विधवा झाली काय? मी तिची चाकर हाव, भरते थेच." कुजबूज तिथंच थांबली. दुकान चाललं, चंपतचं लग्न झालं, मालन सून म्हणून आली. मालन बोलायला मऊ आणि हातानंही मऊ. तुळजाबाईनं तिला समोर बसवून शिकवलं: अंगठ्याच्या मुळाशी मांस कसं आत दाबायचं, बोटांची हाडं एकावर एक कशी घ्यायची, बाईला बोलण्यात गुंतवून बांगडी तिच्या नकळत कशी उतरवायची. सून शिकली. सासूनं कधी 'छान' म्हटलं नाही. ते तिच्या तोंडातच नव्हतं.

अशातच गावाला शहर व्हायची घाई झाली. सत्याऐंशी साल असेल. टीव्हीची दुकानं आली, कॅसेटी भाड्यानं देणारे आले, थंड पेयांच्या पेट्या आल्या, रस्त्यावरच्या ओट्यांचे दगड मुनशिपालटीनं उपसून नेले. रांगेचे मालक लक्ष्मणराव. त्यांनी ठरवलं की कवेलू काढून सिमेंटचं कॉम्प्लेक्स बांधायचं. माणूस वाईट नव्हता. जुन्या किरायदारांना पहिला मान दिला आणि तुळजाबाईला तर घरी बोलावून बाजेवर नकाशा पसरून दाखवला.

"हे खाली रस्त्यावरचे चार गाळे, हे वरचे चार," लक्ष्मणराव म्हणाले. "कोपऱ्याचा तुमचा, तुळजाबाई. दोन रस्त्यांचं गिराक. माह्या भावानं मागतला होता, मी नाई म्हनलं."

चंपत हरखून गेला. "मालक, शटर कोन्त्या रंगाचं राहीन?"

"थांब रे शटरच्या पोरा," तुळजाबाई म्हणाली. "मालक, आमच्या वरत काय राहीन?"

"वर दुकानं. फोटोवाला विचारून राह्यला, टायपिंगवाला विचारून राह्यला."

"म्हंजे कालिकेच्या डोक्यावरून मानसं चालतीन?"

लक्ष्मणराव हसले. "बाई, स्लॅबवरून चालतीन. डोक्यावरून काऊन चालतीन?"

"चपला घालून?"

"आता फोटो काढाले अनवानी कोन येते?"

तुळजाबाईनं पदर सावरला. तो पदर सावरला की पुढं काय येणार ते चंपतला ठाऊक होतं. त्यानं नकाशावरची नजर काढली नाही.

"कवेलूवरून कधी मांजर गेलं असन," ती म्हणाली, "मानसाचा पाय नाई पडला आजवर. लेकीबाळींचे चुडे खाली आन् त्याच्यावर दुनियेच्या चपला? मले खालचा नको. वरचा द्या. त्याच्या वरत आकाश राहीन ना?"

"वरत आकाशच हाय. पर बाई, वर चढीन कोन?"

"जिले नवऱ्याचं आयुष्य पाहिजे थे चढीन."

घरी आल्यावर चंपत जेवला नाही. मालननं भाकरी करता करता हळूच एक वाट काढून दिली, "आत्याबाई, देवी घरी आनून बसवली तं? सकाळी इथं पूजा करू, दुकान खाली घेऊ."

वाट सरळ होती. कोणालाही पटली असती. तुळजाबाईनं ताटावरून हात काढला. "देवीले घरात कोंडून धंदा मांडाचा? मंग सासऱ्याचा फोटो बी पालथा घाल आन् म्हन, या घरात मानूसच नव्हता."

मालननं भाकरी उलटली. किराया मोतीरामच्या मागं तुळजाबाईच्या नावावर होता, त्यामुळे चंपतच्या रुसण्याला किंमत नव्हती. वरचा गाळा ठरला.

कॉम्प्लेक्स उभं राहिलं. गुळगुळीत फरशी, लोखंडी शटर, समोर तेलुगू आणि इंग्रजी अक्षरांची पाटी. तुळजाबाईनं वरच्या गाळ्यात कोनाडा करून घेतला, गवंड्याला समोर बसून त्याची उंची सांगितली, आणि कालिकेला बसवलं. वर खरंच मोकळं आकाश होतं. पूजेच्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या, ओट्या भरल्या, 'किती हवा येते वं इथं' म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

मग कोणी आलं नाही.

जिना बाहेरच्या अंगानं काढलेला, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडा पुढच्या खेपेला करू म्हणून लक्ष्मणरावांनी ठेवला होता तो राहूनच गेला. जिन्याच्या पायथ्याशी चहाचं हॉटेल. सकाळपासून पुरुष कप हातात घेऊन तिथं उभे. नऊवारीतली बाई जिना चढायला लागली की खालचे वर पाहायचे. तरण्या पोरी अर्ध्यातून परत फिरायच्या. म्हाताऱ्यांना गुडघे. गर्भारशीला जिना चढवायचा नाही हे तर तुळजाबाईनंच आपल्या तोंडानं किती जणींना सांगितलं असेल! पण कालिकेच्या डोक्यावर पाय नको, या एका गोष्टीपुढं बाईला बाकीचं काही दिसलंच नाही. ज्या बायकांच्या पायांवर दुकान चालायचं त्या पायांचा विचार राहून गेला.

खालचा कोपऱ्याचा गाळा मंचिर्यालकडच्या एका पोरानं घेतला. राजन्ना त्याचं नाव. त्यानं तिथं फॅन्सी स्टोअर टाकलं. आरसे, पिना, नेलपॉलिश, पावडर, प्लास्टिकच्या बांगड्या, आणि काचेच्याही. काउंटर काचेचं, आत ट्यूबलाइट. बायकांना आधी तिथं शिरायची लाज वाटायची. मग लाज गेली.

चंपत म्हणायचा, "माय, मी ताटात माळा घेऊन खाली उभा राह्यतो. कोनी आलं तं तिथंच भरू."

"बांगड्या खाली जात नसतात," तुळजाबाई म्हणायची. "हात वर येते."

हात वर येईना.

त्या हिवाळ्यात बयनाबाई आली. जैनथकडची, घरी कापूस मोप, आणि तुळजाबाईचं सगळ्यात जुनं गिराईक. तिच्या सासूचा, तिचा, तिच्या नणंदांचा, लेकींचा, सगळ्यांचा चुडा कासाराच्या याच घरानं भरलेला. बरोबर धाकटी सून, सातव्या महिन्यातली, पोटावर पदर ओढून. बयनाबाई जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिनं शेतात मारावी तशी हाक मारली, "तुळजाबाई! ओ तुळजाबाई! खाली ये वं माय, सुनेले सातवा हाय!"

चहावाल्यांचे कप तोंडाशी थांबले. तुळजाबाई वर कडेला आली. "सातवा हाय तं हळूहळू चढव. मी का पळून चालली?"

"हा जिना पाह्यला काय तू? कठडा तरी हाय त्याले? पोरगी पडली तं तू देशीन काय दुसरी?"

"बयने, तुह्या सासूपासून भरून राह्यलो आमी तुमच्या घरच्या. आज जिन्यापायी अडलं?"

"मह्या सासूपासून ना?" बयनाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मंग तव्हा तुही सासू येत होती वं आमच्या ओट्यावर! गाठोडं घेऊन! आन् तुले जिना उतरता येत नाई?"

खालचे हसले. बयनाबाईच्या मनात तसं टोचायचं नव्हतं. तिची जीभही तुळजाबाईच्याच जातीची, एवढंच. पण भर बाजारात गाठोड्याचं नाव निघालं. तुळजाबाई आत येऊन कोनाड्याकडे तोंड करून बसली. मालन माळ घेऊन उठली तसा तिनं सुनेचा पदर धरला.

"बस खाली."

"आत्याबाई, पोटुशी बाई हाय. जाऊ द्या ना मले."

"बस म्हनलं ना."

बयनाबाईनं वाट पाहिली, पुन्हा एकदा हाक मारली, आणि सुनेला घेऊन राजन्नाच्या दुकानात गेली. राजन्नाला काचेच्या बांगड्या विकता येत होत्या, भरता येत नव्हत्या. त्यानं साबणाचं पाणी लावलं, पोरीचा हात काउंटरवरून धरला आणि जोर केला. कट्कन आवाज वरपर्यंत आला. पाठोपाठ त्याचं बोलणं, "टूट गया अम्मा, टूट गया, दूसरा देता!" आणि पोरीचं 'आई गं'. बयनाबाईनं सुनेच्या कानावर हात ठेवले म्हणे. सातव्या महिन्यातल्या लेकीसमोर असला शब्द! मनगटातून रक्त आलं, ते राजन्नानं कापसानं पुसलं. बिचारा घाबरला होता.

वर मालन रडत होती. तुळजाबाई रडत नव्हती. तिचा हात मात्र सुनेच्या पदरावर तसाच होता, घट्ट.

संध्याकाळी राजन्ना जिना चढून आला. चपला त्यानं दाराबाहेर काढल्या, कालिकेला हात जोडले, आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, मेरे को ये काम आता नई. तुम नीचे बैठो ना. कुर्सी देता, पंखा देता. तुम्हारा बांगडी भी चलता, मेरा भी चलता. औरत लोग तुमकोच पूछते."

"नोकरी द्याले आला काय रे मले?" तुळजाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या काचेपुढं बसून हात भरनारी कासारीन पाह्यली काय तुह्या बापानं कधी? नेलपॉलिश इक आपली!"

राजन्नानं चंपतकडे पाहिलं. "क्या बोली अम्मा?"

"सोचती बोली," चंपत म्हणाला.

त्यावर तो पोरगा खूश होऊन गेला. नंतर कितीतरी दिवस तो जिन्यात भेटला की विचारायचा, "अम्मा, सोचा?" आणि तुळजाबाईला वाटायचं की हा आपली टर उडवतो.

वर्षं गेली. चंपत बसून बसून कंटाळला. बेल्लमपल्लीला खाणीच्या क्वार्टरांत बायका पगाराच्या दिवशी हात सैल सोडतात असं कोणी सांगितलं, म्हणून तो माळा घेऊन तिकडे जायला लागला. आधी आठवड्याला परत यायचा, मग महिन्याला. तिकडे गाड्यावर बांगड्या लावून कॉलनीत फिरतो हे तुळजाबाईला ठाऊक होतं. ती 'पोराचं बेल्लमपल्लीले दुकान हाय' असं सांगायची. ऐकणाऱ्या माना डोलवायच्या.

दुकानात सासू-सून दोघीच. शेजारी टायपिंगच्या मशीनींचा दिवसभर पाऊस. फोटोवाल्याकडे येणाऱ्या नव्या जोडप्यांतली एखादी पोरगी दारातून डोकवायची, 'कितीला?' विचारायची, आणि खाली जाऊन प्लास्टिकच्या घ्यायची.

आणि मग एक दिवस सकाळी छतावर घण पडायला लागले.

तुळजाबाई धुरळ्यातून तशीच लक्ष्मणरावांकडे गेली. ते तोवर थकले होते, कारभार मुलांच्या हातात गेला होता. ते ओट्यावर बसून पेपर वाचत होते.

"मालक, वरत आकाश राहीन म्हनलं होतं तुमी."

लक्ष्मणरावांनी चष्मा काढला. त्यांना आधी आठवेनाच. मग आठवलं तसे ते ओशाळले. "आकाश हायेच ना बाई. मजलाभर वर सरकलं. पोरं लॉज काढून राह्यले. सरकीवाले येतात, औषधांचे एजंट येतात, त्यायले झोपाले जागा नाई या गावात. मले कुठं इचारतात थे."

"लॉज म्हंजे, मानसं झोपतीन?"

"झोपतीन, न्हातीन, धुतीन."

न्हाणीघरं नेमकी तिच्या गाळ्यावर आली. मुद्दाम कोणी केलं नव्हतं. नळाचा पाईप त्या बाजूनं चढवायला सोयीचा होता. पहिली माणसं उतरली आणि चार दिवसांत कोनाड्याच्या वर भिंतीला ओल आली. हातभर लांब, तपकिरी. तुळजाबाई सकाळी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, तिनं ती ओल पाहिली. वर कोणीतरी बादली सरकवत होतं, खाकरत होतं, चूळ भरत होतं.

तिनं ताट खाली ठेवलं. कालिकेला पदरात घेतलं. जिना उतरून, चहावाल्यांमधून, राजन्नाच्या दुकानावरून ती घरी गेली आणि देवीला देवघरात बसवलं. जी गोष्ट करायची नाही म्हणून खालचा गाळा सोडला होता ती एवढी सोपी होती. चंपत त्या दिवशी घरी होता. त्यानं सगळं पाहिलं आणि एक शब्द बोलला नाही. तो ओरडला असता, 'मी म्हनत नवतो काय' म्हणाला असता, तर तिनं दसपट ऐकवलं असतं आणि तिचं मन मोकळं झालं असतं. पोरानं फक्त आईपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

त्याच महिन्यात मालन राजन्नाच्या दुकानात बसायला लागली.

तिनं चोरून केलं नाही. पहिल्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन सासूसमोर उभी राहिली. "आत्याबाई, मी खाली चालली. राजन्नाभाऊनं जागा केली. काउंटरच्या अलीकडं सतरंजी टाकून देतो म्हनते."

"कासाराची सून चाकरीले चालली!"

"हात चाकरीले नाई चालले. हात माहेच हायेत ना, आत्याबाई. तुमीच शिकवले." मालननं पदर पुढं ओढला, पण ती थांबली नाही. "बयनाबाईच्या सुनेचं रक्त आलं त्या दिवशी तुमी माहा पदर धरला. थ्या दिवसापासून मले झोपेत थो आवाज येते. मले कोनाच्या लेकीचं रक्त नाई पाह्याचं पुन्यांदा."

"जा मंग. माह्या हातचं जेवू नको."

"जेवन तं मीच रांधते, आत्याबाई," मालन म्हणाली. टोमणा मारायला नाही; खरं होतं म्हणून. आणि गेली.

त्यानंतर सासूनं सुनेशी बोलणं टाकलं. मालन संध्याकाळी यायची, स्वयंपाक करायची, ताट ठेवायची. तुळजाबाई जेवायची. वरच्या गाळ्यात एकटीनं बसून तिनं आणखी काही महिने काढले, देवी नसलेल्या कोनाड्याखाली. बांगड्यांवर ओलीचा वास बसायला लागला. पोळ्याच्या आधी चंपत आला, त्यानं माळा पोत्यांत भरल्या आणि किल्ली लक्ष्मणरावांच्या मुलाकडे देऊन आला. तिथं आता एसटीडी बूथ आहे. जिन्याला कठडा बसवला, कारण लॉजमधला कोणी पिऊन पडला होता.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बयनाबाईच्या थोरल्या नातीचं, गोदूचं लग्न निघालं. अक्षता घरी आल्या. तुळजाबाईनं त्या देवापुढे ठेवल्या आणि रात्रभर कूस बदलत राहिली. उजाडता उजाडता तिनं ठरवून टाकलं. त्या घरचा चुडा आपला. दुकान जावो, कॉम्प्लेक्स जावो, गोदूच्या पणजीपासून चालत आलेला मान कोणी घेऊ शकत नाही. बयना म्हणाली होती ना, तुझी सासू येत होती ओट्यावर? तर मग येते. मीही येते.

हळदीच्या दिवशी तिनं पोत्यातल्या उत्तमातल्या उत्तम माळा काढल्या. हिरव्या, दाट रंगाच्या, बारीक कडेच्या. धुतल्या, पुसल्या, फडक्यात बांधल्या आणि गाठोडं खांद्यावर घेतलं. मालन चुलीपाशी होती. तिनं गाठोडं पाहिलं, तिच्या तोंडावर काहीतरी येऊन गेलं. "आत्याबाई, गोदूच्या..." तिनं सुरुवात केली. तुळजाबाई थांबली असती तर तिला तिथंच कळलं असतं. ती थांबली नाही. अबोला होता ना.

जैनथच्या बसमध्ये उभं राहून, पुढं फाट्यापासून उन्हात चालत ती पोचली तेव्हा मांडवात बायकांचा कल्ला होता. बयनाबाईनं तिला लांबून पाहिलं आणि लगबगीनं पुढं आली. म्हातारी झाली होती, काठी लागली होती. "अगं माय, तुळजाबाई! उन्हाची चालत आली काय वं? ये, ये, सावलीले बस. पोरींनो, पानी आना!"

"पानी मागून," तुळजाबाई म्हणाली. तिनं ओट्यावर फडकं पसरून गाठ सोडली. हिरव्या माळा उन्हात चमकल्या. "आधी पोरीले आन. हळदीच्या आधी चुडा भरला पाहिजे."

बयनाबाई उभीच राहिली. बोलताना तिची जीभ कधी अडखळायची नाही, ती अडखळली. "तुळजाबाई... थे काल बाजारात गेलतो ना आमी. सगळ्याच गेलतो. ट्रॅक्टरनं. काल भरल्या वं."

गोदू तोवर आलीच. पिवळं पातळ, कपाळाला मळवट, आणि दोन्ही हातांत कोपराच्या वाटेला लागलेला हिरवा चुडा. तुळजाबाईनं तिचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला. बांगड्या मनगटावर जिथं बसायला हव्या तिथं बसल्या होत्या. ना सैल, ना रुतलेल्या. अंगठ्याच्या मुळाशी तांबडेपणासुद्धा नव्हता. एवढ्या लहान मापाच्या एवढ्या बांगड्या त्या हाडापेराच्या पोरीला न दुखवता चढवणारा हात या तालुक्यात एकच होता, आणि तो कोणी घडवला ते तिला सांगावं लागणार नव्हतं. मनगट पूर्ण भरलेलं. आणखी एक बांगडी जायला जागा नव्हती.

"मालनवैनीनं भरल्या," गोदू म्हणाली, आणि सवयीनं खाली वाकली.

तुळजाबाईनं पाय मागं घेतले. "मह्या नोको पडू. जिनं भरल्या तिच्या पड."

"तिच्या पडली ना, आजी, काल."

"मंग झालं."

तिनं फडक्याची टोकं गोळा केली आणि गाठ मारली. बयनाबाईनं तिचा हात धरून ठेवला. "जेवल्याशिवाय जाशीन तं माह्या गळ्याची आन हाय तुले." दुसरी वेळ असती तर तुळजाबाईनं ती आणही परतवली असती, भरल्याशिवाय गिराइकाच्या घरचं अन्न तिनं कधी खाल्लं नव्हतं. आज ती पंगतीत जाऊन बसली. गाठोडं मांडीशी ठेवलं, त्यावर पदर टाकला.

शेजारी नार्नूरकडची कोणी पाहुणी बसली होती, नवरीच्या मावशीकडची, बडबडी. पत्रावळीवर मीठ वाढून होईतो तिनं चारी बाजूंची चौकशी केली होती. मग ती तुळजाबाईकडे वळली.

"तुमी कोनाकडच्या वं, बाई?"

त्या घरात तुळजाबाईला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. कासारीण म्हणावं तर या मांडवात तिनं एक हात भरला नव्हता. तिनं बयनाबाईला शोधलं. ती लांब वाढप्यांवर ओरडत होती.

"आदिलाबादची," ती म्हणाली.

"आदिलाबादले कोन?"

तुळजाबाईनं पदराखालच्या गाठोड्यावर हात ठेवला. "मालनची सासू मी. थे... राजन्नाच्या दुकानात बसते थे."

"थे मालन? अगं माय!" पाहुणीनं दोन्ही हात तिच्यापुढं केले. "हे पाहा, काल मी बी भरल्या. एक बी नाई वाढली! कसा मऊ हात वं पोरीचा. कोनापासून शिकली म्हनावं असं?"

वाढपी भाताचं टोपलं घेऊन समोर आला. तुळजाबाईनं 'थोडाच' म्हणून हात आडवा धरला. पाहुणी उत्तराची वाट पाहत होती. मग दुसऱ्या बाजूनं कोणी हाक मारली तशी ती तिकडे वळली.

तुळजाबाईनं भातात वरण कालवलं आणि जेवायला लागली.